कँटनची चांदी आणि खानदेशची वाट

सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग आजच्या नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर व नंदुरबार या गांवांवरून जात असे. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० सालीं, ऐन दुष्काळांत, याच वाटेनें गेला. मेक्सिको व पेरू येथील खाणींची चांदी सुरतेस उतरे आणि टांकसाळींत रुपयाचें रूप घेऊन अशाच वाटांनीं देशांत पसरे.

चीनमध्यें या चांदीस पुढें निराळें रूप मिळालें. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांस तेथें कँटन हें एकच बंदर मोकळें होतें. तेथील चांदीकाम करणारे कारागीर स्पॅनिश डॉलर वितळवून चहादाण्या, पेले, चमचे व तबकें घडवीत. घाट इंग्रजी, हात मात्र चिनी! पुष्कळ भांड्यांच्या तळाशीं इंग्लंडांतील सिंहाच्या व राजमस्तकाच्या छापांची नक्कल असे. त्यामुळें तीं लंडनचींच समजलीं गेलीं. फोर्ब्स व त्यांचे सहकारी यांचा ग्रंथ १९७५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां हा गैरसमज बराच दूर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही नक्कल मागें पडली आणि वांग हिंगसारख्या पेढ्यांच्या भांड्यांवर ड्रॅगन, बांबू व शेवंती उघडपणें उठून दिसूं लागलीं.

परंतु या सौंदर्याची किंमत कोणी दिली? आरंभीं चहाच्या मोबदल्यांत युरोपची चांदी चीनमध्यें जाई. अफूनें हा ओघ उलटविला. माळव्याची अफू खानदेश ओलांडून मुंबईस येई. १८३० च्या सुमारास कंपनीनें तिच्यावर परवान्याची पट्टी बसविली. मुंबईहून ती कँटनकडे रवाना होई. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा भाग या चिनी व्यापारांतलाच होता. त्याच संपत्तींतून मुंबईस रुग्णालय आणि १८५७ सालीं कलाशाळा उभी राहिली. १८३९ सालीं लिन झेश्यू या अधिकाऱ्यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. तींत मुंबईकर व्यापाऱ्यांचाही माल होता. त्यांतून पेटलेलें युद्ध १८४२ सालीं चीनच्या पराभवानें संपलें. त्याच वर्षीं जमशेटजींस 'सर' हा किताब मिळाला.

कँटनच्या कारागिराचें कसब निर्मळ होतें. त्याच्या मुशींत पडणाऱ्या डॉलरांविषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं. त्या चहादाणीच्या हिशेबांत माळव्याचा शेतकरी, मुंबईचा सावकार आणि चीनमधील व्यसनी मनुष्य हे तिघेही मोजावे लागतात.