पुण्याची श्रोतृमंडळे आणि सार्वजनिक माध्यमांचे सॉफ्टवेअर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चादरी व टॉवेल विणले जातात. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जॅकार्ड पद्धतीने उतरते, तिच्या मूळ रूपात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ कोणता उभा धागा उचलला जावा हे ठरविते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये रूढ झालेली ही युक्ती पुढे बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली. या वंशावळीचा उल्लेख बहुधा कौतुकापुरताच होतो. परंतु कोणता धागा वर येणार याचा निर्णय माग सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो, ही तिच्यातील खरी लक्षणीय गोष्ट होय. सार्वजनिक प्रसारणासाठी सॉफ्टवेअर रचणाराही असाच एक निर्णय आधी करून ठेवतो. तो म्हणजे कोणाचा आवाज वर येणार.

हा प्रश्न संगणकाबरोबर उपस्थित झाला असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. कॅनडातील १९४१ पासूनच्या शेतकरी श्रोतृमंडळांचा आदर्श त्यामागे होता. अर्ध्या तासाचा कार्यक्रम आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळात वीसेक सभासद एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत; संयोजक चर्चेचा वृत्तांत व प्रश्न पुण्याला पाठवी आणि त्यांतील काहींना पुढील कार्यक्रमांतून उत्तर मिळे. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली याचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी केवळ रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली गावेही घेतली होती. मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ ठळक दिसली; नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे यंत्र तेच, ध्वनिलहरी त्याच. फरक पडला तो चर्चेमुळे आणि उलट जाणाऱ्या पत्रामुळे. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या वाढविणे शासनयंत्रणेला सोपे होते; प्रत्येक पत्र वाचून उत्तर देणारी माणसे त्या प्रमाणात वाढविणे तितके सोपे नव्हते.

दुसरा दाखला सोलापूरच्या शेजारचा आहे. अक्कलकोट तालुक्याच्या सीमेपलीकडील गुलबर्गा व विजापूर हे जिल्हे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळातील उपग्रह दूरदर्शन प्रयोगात समाविष्ट होते. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत तो झाला. महाराष्ट्र त्यांत नव्हता. एका चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग पाठविण्याची सोय त्यात होती, त्यामुळे तेच चित्र कन्नड व तेलुगू अशा दोन भाषांत पोहोचविणे शक्य झाले. भाषेची अडचण आराखड्यातच सोडविण्याचे हे चांगले उदाहरण आहे. परंतु उपग्रहाकडून गावाकडे येणारा मार्ग होता, गावाकडून परत जाणारा नव्हता. अभ्यासकांनी गावांत राहून केलेल्या पाहण्यांनी ही उणीव अंशतः भरून काढली, इतकेच.

१९९० च्या प्रसारभारती कायद्याचे कलम १२ विविध प्रदेशांच्या भाषांना पुरेसे स्थान देण्याचे आणि श्रमिक वर्गाच्या हक्कांचे रक्षण करण्याचे उद्दिष्ट सांगते. हा कायदा १९९७ मध्ये अमलात आला. २० नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसारभारतीने ‘वेव्ह्‌ज’ हा स्वतःचा डिजिटल मंच गोव्यात सुरू केला, तेव्हापासून या उद्दिष्टांचा अर्थ लावण्याचे काम काही अंशी सॉफ्टवेअर रचणाऱ्यांकडेही गेले आहे. किती जणांनी किती वेळ ऐकले हे मोजणे प्रणालीला सहज जमते. ऐकणाऱ्याने काय विचारले हे तिला वेगळे शिकवावे लागते. केवळ पहिल्या मोजणीवर पुढची शिफारस केली, तर पुण्याच्या प्रयोगातील ‘नुसता रेडिओ’ असलेले गावच नव्याने उभे राहते.

अक्कलकोट रोडवर पुण्याचा साचा जसाच्या तसा बसणार नाही. सायंकाळी एकत्र बसणे शेतकऱ्याला शक्य होते. पाळीत काम करणाऱ्या मागकामगारांना एक समान वेळ नाही, आणि मागाच्या खडखडाटात ऐकणेच दुष्कर असते. शिवाय सोलापूरच्या विणकर वस्तीत तेलुगू घरोघरी बोलली जाते. शहरात मराठी, कन्नड आणि उर्दूही आहेत. तेव्हा येथील प्रणालीला कामगाराच्या सोयीच्या वेळी ध्वनिमुद्रित प्रश्न स्वीकारावा लागेल, आणि त्याचे उत्तर कधी व कोणत्या कार्यक्रमात मिळाले हे त्याला कळवावे लागेल. तेलुगूत विचारलेला प्रश्न मराठी कार्यक्रमाच्या संपादकापुढे कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या जबाबदारीने येणार, याची नोंद आराखड्याच्या पहिल्याच पानावर हवी.