नागपूरच्या वनस्पतिनोंदी: चिठ्ठीपासून संगणकापर्यंत

नागपूर परिसरातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद इथल्या विद्यापीठापेक्षाही जुनी आहे. आर. जे. डी. ग्रॅहम यांची नागपूर व तेलंगखेडी येथील शेतांवरच्या रानवनस्पतींची यादी १९११ची. नागपूर विद्यापीठ १९२३चे. एन. आर. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९८६ मध्ये आला.

अशा कामाचा पुरावा म्हणजे हर्बेरियममधला नमुना: टिपकागदात दाबून वाळवलेली, सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवलेली फांदी आणि उजव्या कोपऱ्यातली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, कुळ, स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. चिठ्ठी गेली की नमुन्याचे मोल जवळजवळ संपते.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये आभासी हर्बेरियम सुरू केले. नमुन्याचे छायाचित्र काढणे सोपे. खरी कसोटी चिठ्ठी वाचण्यात, आणि विदर्भात तर विशेषच. 'सिरोंचा, चांदा' असे लिहिलेले स्थळ आज चंद्रपुरात, म्हणजे जुन्या चांद्यात, शोधून सापडणार नाही, कारण १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि सिरोंचा तिकडे गेले. गोंदियाही १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. म्हणून चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा आणि आजचा जिल्हा वेगळ्या रकान्यात लिहावा.