पडीक माळ ते प्रेक्षणीय माळ : बारामती–इंदापूरच्या अवर्षणप्रदेशातील प्रवासी

भूगोलशास्त्राच्या काटेकोर अर्थाने महाराष्ट्रात वाळवंट नाही. मराठीत हा शब्द नांदतो तोही निराळ्या अर्थाने. मराठी माणसाला वाळवंट म्हटले की प्रथम आठवते ते पंढरपूरचे, चंद्रभागेच्या पात्रातील वाळूचे; आणि ते उजाड नसून आषाढी-कार्तिकीला माणसांनी फुललेले असते. उजाड, पाण्याविना तळपणाऱ्या भूमीला मराठीने दिलेले शब्द वेगळेच आहेत : माळ, बरड, ओसाड, वैराण. बाहेरच्या प्रवाशाने ज्या भूमीचे वर्णन रुक्ष मरुभूमी म्हणून करावे अशी भूमी पुणे जिल्ह्यात पाहावयाची झाल्यास ती बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या जिरायती पट्ट्यात आढळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात वर्षाकाठी सरासरी वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही भरवशाचा नसतो. या भूमीकडे करमणुकीसाठी व निसर्गदर्शनासाठी येणारा प्रवासी ही अगदी अलीकडची घटना आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. प्रवासी पूर्वीही येत होते. त्यांची पाहण्याची रीत मात्र निरनिराळी होती, आणि प्रत्येक रीतीने या माळावर आपला ठसा ठेवलेला आहे.

या प्रदेशातून जाणाऱ्या पायवाटांपैकी वारीची वाट सर्वांत परिचित होय. तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी असा इंदापुरास येतो व पुढे सराटीजवळ नीरा ओलांडतो. काटेवाडीस पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, तर बेलवाडीस गोल रिंगण. मेंढ्यांच्या रिंगणाकडे केवळ भाविक कौतुकाने पाहून भागणार नाही. ज्या माळाचे अर्थशास्त्र शतकानुशतके मेंढीवर उभे होते, त्या माळाने पाहुण्याचे केलेले ते स्वागत आहे. वारकरी हा प्रदेश पाहावयास येत नाही. तो त्यातून जातो. तरीही माळ आणि वाटसरू यांच्यातील देवघेवीचा हा सर्वांत जुना व सर्वांत कमी उपद्रवी प्रकार म्हणावयास हरकत नाही.

पेशवाईच्या अस्तानंतर येथे दुसऱ्या जातीचा प्रवासी आला. तो दुर्बीण, साखळी आणि वही घेऊन आला. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२४ मध्ये, विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमणूक झाली. लोकसंख्या, पिके, बाजारभाव, पर्जन्यमान यांची नोंद करणारा हा गृहस्थ पशुपक्ष्यांचाही जिज्ञासू निरीक्षक होता. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने दख्खनातील सस्तन प्राण्यांची जी यादी मांडली, तीतून येथल्या माळावरील लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ हे शास्त्रीय नाव मिळाले. चिंकाऱ्याच्या नावातील ‘बेनेटाय’ हे पद त्याच वर्षीचे असून ते त्या संस्थेचा चिटणीस बेनेट याच्या सन्मानार्थ आहे. आज कडबनवाडीच्या माळावर वाटाड्या ज्या दोन प्राण्यांकडे बोट दाखवितो त्या दोहोंचेही शास्त्रीय बारसे असे दख्खनच्या एका महसुली पाहणीच्या आनुषंगाने झाले. खोकडालाही साइक्सने ‘कोक्री’ असे नाव देऊ केले होते. ते मराठी शब्दाचेच रूपांतर आहे, परंतु शास्त्राने ते पुढे टिकविले नाही. चिंकाऱ्याचे जुने मराठी नाव ‘काळशिपी’, म्हणजे काळ्या शेपटीची, असे त्या काळच्या प्राणिविषयक ग्रंथांत नोंदलेले आहे. मूळ मराठी शब्द मागे पडून उत्तरेकडचा ‘चिंकारा’ शब्द आपल्या बोलण्यात रूढ व्हावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे.

साइक्सच्या मागोमाग जमाबंदीचे अधिकारी आले आणि त्यांचा ठसा अधिक खोल उमटला. प्रिंगलने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न ठरवून आकारणी करण्याचा प्रयत्न केला. त्याची आकारणी इंदापूर तालुक्यास झेपली नाही, रयतेने जमिनी टाकल्या व गावे ओस पडू लागली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने पाहणी केली. १८३६ मध्ये तेथे लागू झालेली तीस वर्षांची आकारणी ही मुंबई इलाख्याच्या पुढील संपूर्ण रयतवारी पद्धतीची पायाभूत घटना समजली जाते. काळी, तांबडी आणि बरड ही जमिनीची त्रिविध प्रतवारी त्या पाहणीने शास्त्रशुद्ध केली असे म्हणतात. वास्तविक ती कुणब्याचीच भाषा होती. सरकारने तिला कागदाचे रूप दिले एवढेच. पण कागदाचे रूप मिळताच तिचा अर्थ बदलला. प्रतवारीचे माप नांगर हे होते. जे नांगराखाली येत नाही ते ‘पडीक’, आणि नांगराखाली येणेच शक्य नाही ते ‘खराबा’. धनगराच्या मेंढ्या जेथे पावसाळ्याअखेर चरतात ते गवत या कोष्टकात कोठेच बसत नव्हते. मेंढपाळ येथे राहत नव्हता असे कोणी म्हटले नाही. त्याच्या भूमीला उपयोगवाचक नाव मात्र मिळाले नाही.

या आकारणीचा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १८६७ च्या सुमारास इंदापूरची मुदत संपून आकार वाढविला गेला. पुढे कापसाचे भाव कोसळले, सावकाराचा फास आवळला, आणि १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. त्यापाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. शहाजीराजांच्या जहागिरीतील एक मुख्य ठाणे असलेले सुपे इतिहासाच्या विद्यार्थ्याला दंग्याचे गाव म्हणून ठाऊक असते. आज रस्त्यावरील फलक मात्र त्याला चिंकाऱ्याच्या अभयारण्याचे गाव म्हणून दाखवितो. या दोन ओळखींत वाटतो तितका विरोध नाही. ज्या कोरडेपणाने कर्ज वाढविले, त्याच कोरडेपणाने गवताळ माळ नांगरापासून वाचविला.

दुष्काळाच्या उपाययोजनेतून निघालेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला आणि प्रदेशाचे दोन भाग पडले. नीरेच्या बाजूचा पट्टा बागायती झाला; ऊस आला, पुढे साखर कारखाने आले. कालव्याच्या वरचा भाग जिरायतच राहिला. १८७८ च्या वन कायद्यानंतर पडीक माळांपैकी काही वनखात्याकडे गेले. झाडे नसतानाही ते ‘वन’ ठरले. पुढील शंभर वर्षांत या विसंगतीचे परिणाम दिसून आले. वन म्हणावयाचे तर झाडे हवीत, म्हणून माळावर झाडे लावण्याचे कार्यक्रम झाले. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडजमीन विकास मंडळाची स्थापना झाली आणि ‘पड’ या शब्दाला अखिल भारतीय प्रतिष्ठा मिळाली. उदात्त हेतूने लावलेल्या गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांखाली पवन्या व कुसळी या गवतांना ऊन मिळत नाही, आणि मोकळ्या नजरेवर जगणारा चिंकारा दाट झाडीत राहत नाही. गवताळ माळ ही उजाड झालेली वनभूमी नसून स्वतंत्र परिसंस्था आहे हा विचार शास्त्रज्ञांत दृढ होईपर्यंत पुष्कळ खड्डे खणून झाले होते.

दरम्यान या माळावरचा मनोरंजनार्थी प्रवासी कोण होता? निःसंशय, शिकारी. साइक्सच्याच लेखनात दख्खनातील एका गृहस्थाने एक हजाराच्या आसपास माळढोक मारल्याचा उल्लेख आहे. हा आकडा वाचल्यावर आज माळढोक महाराष्ट्रात जवळजवळ का दिसत नाही याचे निदान एक कारण समजते, मात्र सर्व कारणे नव्हेत. पक्ष्याचा अधिवास शेतीखाली व वृक्षारोपणाखाली गेला हे कारण अधिक भारी आहे. लांडग्याची गोष्ट निराळी. त्याला शिकार म्हणून मान नव्हता. तो उपद्रवी ठरला आणि सरकार त्याच्या कातड्यावर बक्षीस देत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यवहार संपविला. चिंकारा व लांडगा या दोघांनाही त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे पाच चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मध्यम गावच्या शिवाराहूनही लहान. चिंकारा कायद्याची हद्द ओळखत नाही. तो शेतात, गायरानात व वनखात्याच्या इतर माळांत सारखाच वावरतो.

आधुनिक निसर्गप्रवाशाला या भागाची ओढ प्रथम लागली ती माळामुळे नव्हे, पाण्यामुळे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी भीमेच्या पात्रातून मागे पसरले आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या परिसरात उथळ जलाशय निर्माण झाला. गावे बुडाली; पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. मंदिर ज्या वर्षी पाण्याबाहेर येते ते वर्ष टंचाईचे असते, आणि त्याच वर्षी ते पाहावयास गर्दी लोटते. एकाची आपत्ती हे दुसऱ्याचे प्रेक्षणीय स्थळ ठरावे याचे याहून बोलके उदाहरण जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. रोहित पक्ष्यांच्या बाबतीतही धरणाचाच हिशेब चालतो. हिवाळ्याच्या आरंभी जलाशय भरलेला असतो; चिखलाचे उथळ काठ उघडे पडतात ते सिंचनासाठी पाणी सोडल्यानंतर. म्हणून डिसेंबरात येणारा प्रवासी अनेकदा निराश होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा समाधानाने परततो. दोघांचाही अनुभव खरे पाहता पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो. त्यांना होडीतून नेणारे बहुधा मासेमारी करणारे कुटुंबीय असतात. ज्या जलाशयाने शेती घेतली त्याच जलाशयाने त्यांतील काहींना हा नवा व्यवसाय दिला.

माळ स्वतः प्रेक्षणीय ठरावयास आणखी चार दशके जावी लागली. बारामती तालुक्यात २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी कृषिपर्यटनाचा उपक्रम सुरू केला होता, परंतु तो शेताचा व शेतकऱ्याच्या ओसरीचा होता. गवताळ माळाची सफारी पुणे वनविभागाने २०२४ मध्ये सुरू केली, ती इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे. आगाऊ नोंदणी, ठरावीक वाटा आणि बरोबर स्थानिक वाटाड्या अशी तिची रचना आहे. त्यापूर्वीही हौशी छायाचित्रकार येत असत. गाडी वाटेल तेथून हाकणे, लांडग्याच्या बिळापर्यंत जाऊन पिलांची छायाचित्रे घेणे असे प्रकार त्यांत होते, आणि नियमनाची निकड त्यातूनच जाणवली.

येथे येणाऱ्याचा अनुभव वाघाच्या जंगलातील अनुभवाहून भिन्न असतो. तेथे झाडी दृष्टी अडविते आणि दर्शन अकस्मात घडते. येथे क्षितिजापर्यंत सर्व उघडे असते, तरीही प्राणी दिसत नाही, कारण त्याचा रंग गवताचाच असतो. ताडोबाची अपेक्षा मनात धरून आलेल्याला पहिला तासभर माळ रिकामा वाटतो. मग वाटाड्या दाखवितो : हिवराच्या सावलीत उभी चिंकाऱ्याची मादी, बांधावर कान टवकारलेले खोकड, दूर मेंढ्यांच्या कळपामागे अंतर राखून चालणारा लांडगा. या शेवटच्या दृश्यापाशी प्रवासी हरखतो. मेंढपाळ हरखत नाही. लांडग्याचा या भागातील निर्वाह बऱ्याच अंशी मेंढ्या-शेळ्यांवर चालतो, आणि त्याचा खर्च धनगर भरतो. शासनाची नुकसानभरपाई आहे. पण फिरत्या कळपामागे असलेल्या माणसाला पंचनाम्यासाठी थांबणे परवडत नाही. सफारीच्या उत्पन्नातून वाटाड्यांना रोजगार मिळतो हे योग्यच आहे. वाटाड्या मात्र गावात घर असलेला असतो, मेंढपाळ वर्षाचा मोठा भाग गावाबाहेर. म्हणजे १८३६ च्या कोष्टकात ज्याला रकाना मिळाला नाही, त्यालाच २०२४ च्या व्यवस्थेतही तो मिळणे कठीण दिसते.

आणखी एक अडचण ऋतूची आहे. प्रवाशाला सोयीचा काळ ऑक्टोबर ते मार्च. लांडग्याची पिले बिळात असतात तो काळही साधारण हाच. वाटा ठरावीक ठेवण्याचा नियम म्हणूनच केवळ शिस्तीचा नव्हे. तो पाळला जातो की नाही यावर पुढील पिढीतील लांडग्यांची संख्या अवलंबून राहणार आहे.

याउलट सफारीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. माळावर आज अनेकांचा डोळा आहे. शिर्सुफळ येथे महानिर्मितीचा सौर ऊर्जा प्रकल्प उभा आहे. औद्योगिक वसाहती, रस्ते व फळबागा वाढत आहेत. या सर्व मागण्यांपुढे माळाची बाजू नेहमीच लंगडी पडत आली, कारण कागदावर तो पडीक होता आणि पडीक जमीन घेतल्याने कोणाचे काही जात नाही असे मानले जाते. माळ पाहण्यासाठी माणसे पैसे देऊन येतात ही नोंद सरकारी दप्तरात पडू लागली, म्हणजे त्या जमिनीला प्रथमच नांगराखेरीज दुसऱ्या मापाने मूल्य मिळाले. मूल्याचा हा पाया डळमळीत आहे. प्रवाशांची आवड दहा वर्षांत बदलते, गवताची मुळे त्याहून जुनी असतात. तथापि महसुली नोंदींतील शब्द बदलणे ही या प्रदेशात नेहमीच दूरवर परिणाम करणारी घटना ठरलेली आहे, आणि कडबनवाडीच्या सर्व्हे नंबरांपुढील शेऱ्यात ‘गवताळ प्रदेश’ असे लिहिले जाते की नाही, हे पाहणे अद्याप बाकी आहे.