नेत्रजलाची वाट

ज्याने आगराला पाटाचे पाणी लावले आहे, त्या आपल्या कोकणातील माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही की, पाट खणणे हे चार दिवसांचे काम, पण तो वाहता राखणे हे जन्माचे. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास चाळताना आम्हांस याच अनुभवाची आठवण होते.

डोळ्याच्या पुढील भागात निर्मळ पाणी अखंड पाझरते आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जाते. ही वाट अडली की दाब चढतो व दृष्टीची शीर सुकू लागते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. शस्त्रवैद्य राखतो ती उरलेली दृष्टी.

पाण्यास नवी वाट काढण्याच्या या उद्योगात आपल्या भूमीचाही भाग आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रविद्या शिकविणारे हर्बर्ट यांनी डोळ्याच्या पांढऱ्या कवचातून पाणी वरच्या पातळ आवरणाखाली झिरपविण्याची आपली रीत १९०३ मध्ये मांडली. पुढे मद्रासेत एलियट यांनी १९०९ मध्ये कवचाला गोल छिद्र पाडण्याची रीत काढली, ती जगभर गेली. परंतु जखम कोणती आणि वाट कोणती हे शरीरास कळत नाही. ते छिद्र बुजवू पाही. आणि न बुजले तर वरचे आवरण कधी इतके विरळ होई की, वर्षांनंतरही तेथून जंतू आत शिरत.

मग वाटेत काही घालून ठेवावे असे ठरले. कोणी घोड्याचा केस घातला, झोरॅब यांनी १९१२ मध्ये रेशमाचा धागा घातला; त्यांनी वाट टिकली नाही. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मोल्टेनो यांनी मर्म ओळखले : नळीच्या टोकाशी तबकडी हवी, म्हणजे पाणी पसरण्यास जागा राहते. १९९३ मध्ये झडपेची अहमद नळी आली, आणि २०१३ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने स्वदेशी नळी उपलब्ध केली.

तरी शरीराचा हट्ट सुटला नाही. तबकडीभोवती जाड कोष धरतो व दाब पुन्हा चढतो. नळी बुबुळाच्या आतल्या पेशी झिजविते, त्या पुन्हा उपजत नाहीत. कधी एकाची दोन दिसतात. कधी आवरण झिजून नळी उघडी पडते व डोळा पिकण्याचे भय राहते. आधी शस्त्रक्रिया झालेल्या २१२ रुग्णांची पाच वर्षांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नळी निष्फळ ठरण्याचे प्रमाण शेकडा ३०, तर नळीविना छिद्राचे ४७ होते. मात्र उशिराचे उपद्रव दोन्हीकडे सुमारे तिघांत एकास झाले.

म्हणून नळी वाईट असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांची दृष्टी तिनेच राखली आहे. आमचे म्हणणे इतकेच की, "ऑपरेशन झाले, चिंता मिटली" हे वाक्य आपल्या घरांतून जावे. दाब चढतो तेव्हा बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या डोळ्यासाठी रत्नागिरीची वारी करणे खेड्यातल्या म्हाताऱ्यास जिवावर येते. त्या वारीस त्याला घेऊन जाणे हे घरच्यांचे काम. आणि डोळा लाल झाला, ठणकला वा अंधुक झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे.

वाट वैद्य काढतो. ती राखणे दोघांकडे आहे.