कानपूरची भंगारातली लिबरेटर विमानं आणि माझ्या सिनॉप्सिसमधला खोडलेला शब्द

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य मोठ्या हौसेनं लिहिलं होतं: ‘भारतीय तंत्रज्ञांनी जुगाड करून भंगारातून बॉम्बर विमानं उभी केली.’ गाईडनी ‘जुगाड’वर लाल रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं, ‘म्हणजे नक्की काय केलं?’ त्या चार शब्दांनी माझे पुढचे कित्येक महिने खाल्ले. तुमच्यापैकी जे आता पेट देऊन विषय शोधताय त्यांना हे सांगायला हवं, कारण असे शब्द आपल्या प्रत्येकाच्या मसुद्यात असतात. ऐकायला गोड लागतात आणि स्पष्टीकरण द्यायची जबाबदारी टाळायला मदत करतात.

आधी गोष्ट काय ते सांगते.

बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकी बॉम्बर. साडेअठरा हजारांच्या आसपास बनली, म्हणजे अमेरिकेनं इतकी लष्करी विमानं दुसऱ्या कुठल्याच प्रकाराची बनवली नाहीत. ब्रिटिश रॉयल एअर फोर्सलाही ती लेंड-लीज करारानं मिळाली आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत भारतातल्या तळांवरून उडाली. युद्ध संपल्यावर कराराची अट आडवी आली. विमान परत करा, विकत घ्या, नाहीतर निकामी करा. परत न्यायचा खर्च कोण करणार? विकत घ्यायला ब्रिटनकडे डॉलर नव्हते. मग कानपूरच्या चकेरी तळावर डझनावारी लिबरेटर रांगेत लावून मोडायला घेतली. नाकं आपटली, उपकरणांच्या काचा फोडल्या, इंजिनांत वाळू ओतली असं जुन्या आठवणींमधून सांगितलं जातं. नंतर तळ सोडून मंडळी निघून गेली.

१९४८ मध्ये काश्मीरची लढाई सुरू असताना नव्या भारतीय हवाई दलाकडे एकही जड बॉम्बर नव्हतं. नवीन घ्यायला पैसे नव्हते आणि परदेशातून मिळेल याची खात्रीही नव्हती. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीला (आजच्या एचएएलचं हे जुनं नाव) विचारण्यात आलं, की कानपूरच्या त्या सांगाड्यांचं काही होऊ शकेल का? कंपनीची माणसं कानपूरला गेली, त्यातल्या त्यात बरी विमानं निवडली, जागेवरच एका उड्डाणापुरती तयार केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. हवाई अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. बंगळूरला पूर्ण दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन उभी राहिली. पुढे १९५१ मध्ये सहा क्रमांकाची. एकूण चाळीसच्या आसपास विमानं अशी पुन्हा उडाली. पुण्याच्या लोहगाव तळावरून ती समुद्रावर टेहळणीला जात आणि शेवटची १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. मोडून टाकलेलं विमान वीस वर्षं सेवेत!

यावर ‘जुगाड’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो की नाही? पण आता गाईडचा प्रश्न घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे सुटे भाग. जुनं विमान दुरुस्त करताना सगळ्यात मोठी अडचण कौशल्याची असते असं मला वाटायचं. ती बहुतेक वेळा भागांची असते. कारखाना बंद, साचे मोडलेले, कंपनीनं उत्पादन थांबवलेलं. कानपूरला ही अडचण उलटी होती. एकाच प्रकारची अनेक विमानं एका मैदानात उभी होती आणि प्रत्येकाची मोडतोड वेगळी होती. ज्याचं नाक गेलं त्याची शेपटी शाबूत, ज्याचं चाकाचं गिअर वाकलं त्याचे पंख सरळ. एकाचं काढायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. मोडणाऱ्यांनी प्रत्येक विमानातला तोच एक भाग पद्धतशीर फोडला असता, तर हा मार्ग बंद झाला असता. घाईत, हाताला येईल ते फोडलं गेलं आणि त्यातूनच भागांचं कोठार तयार झालं.

दुसरी गोष्ट इंजिनाची. लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३० हे चौदा सिलिंडरचं इंजिन असतं. हेच इंजिन, थोड्या वेगळ्या रूपात, डाकोटाला असतं. आणि १९४८ मध्ये भारतात डाकोटा कुठे नव्हत्या? हवाई दलात होत्या, नागरी विमान कंपन्यांत होत्या. लिबरेटरच्या इंजिनाला टर्बोसुपरचार्जर जोडलेला असतो, डाकोटाच्या इंजिनाला नसतो, त्यामुळे सगळं जसंच्या तसं चालत नाही. पण त्या कुटुंबातलं इंजिन उघडून बसवायची सवय असलेले मेकॅनिक देशात होते, हे मोठं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा सापडली, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना १९४० मध्ये झाली. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीनं ती काढली. विमानं बनवायची म्हणून काढली, थोडी जोडलीही, पण युद्ध भारताच्या दाराशी आल्यावर कारखान्याचं काम बदललं. १९४३ पासून तो अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या व्यवस्थापनाखाली गेला आणि पूर्वेकडच्या आघाडीवरच्या अमेरिकी विमानांचं मोठं दुरुस्ती केंद्र झाला. हजारो भारतीय कामगार अमेरिकी पद्धतीचे तपासणी तक्ते, रिव्हेटिंग, इंजिन ओव्हरहॉल शिकले. युद्धानंतर तीच माणसं उरलेल्या डाकोटा नागरी कंपन्यांसाठी तयार करून देत होती (आणि काम कमी पडलं तेव्हा रेल्वेचे डबेसुद्धा!). १९४८ मध्ये कानपूरला गेलेला संघ अशा कारखान्यातून आला होता. कागद, पद्धत, शिस्त हे सगळं त्यांच्या हातात मुरलेलं होतं.

आता तुम्हीच सांगा, याला जुगाड म्हणायचं का? जुगाड म्हणजे साधन नसताना वेळ मारून नेणं. इथे तर युद्धानं घडवलेली एक अख्खी दुरुस्ती-संस्था कामाला लागली होती. ‘जुगाड’ म्हटलं की आपण त्या कामगारांचं कौतुक करतोय असं वाटतं. खरं तर आपण त्यांचं पाच-सहा वर्षांचं प्रशिक्षण पुसून टाकतो.

पुसण्यावरून आठवलं. या विमानांचं पुढे काय झालं हे बघताना मला अजून एक पुसापुशी दिसली. अमेरिकेत युद्धानंतर बहुतेक लिबरेटर वितळवून ॲल्युमिनियम केलं गेलं. त्यामुळे १९६८ नंतर जगभरच्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा ते सापडलं भारतात. १९६९ मध्ये एक उडत ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात गेलं, १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला. कॅनडाला १९६८ मध्ये एक मिळालं. त्या व्यवहाराच्या बदल्यात आपल्याला वेस्टलंड लायसँडर हे विमान मिळालं, ते आज दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. आपलं स्वतःचं लिबरेटर एचई ९२४ सुद्धा तिथेच.

एक विमान मात्र उघड्यावर पडून राहिलं. १९८१ मध्ये ते ब्रिटिश संग्राहक डग अर्नोल्ड यांनी विकत घेतलं, सुटं करून इंग्लंडला नेलं. १९८४ मध्ये ते अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं आणि फ्लोरिडात दुरुस्त होऊन १९८९ मध्ये उडालं. त्याच्यावर रंग चढला ‘ऑल अमेरिकन’ नावाच्या युद्धकालीन विमानाचा. पुढे दुसरा, मग ‘विचक्राफ्ट’चा. रंग सगळे अमेरिकी युनिटांचे. ते विमान प्रत्यक्षात ब्रिटिशांनी वापरलं होतं आणि सगळ्यात जास्त काळ भारतीयांनी. त्याच्या आयुष्यातली भारतीय वीस वर्षं अंगावर कुठेच नाहीत.

रागवायच्या आधी जरा घरातही बघू. २०१८ मध्ये आपल्या हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये ‘परशुराम’ ही डाकोटा आली. ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेली, राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलेली. तिच्या शेपटीवर क्रमांक आहे व्हीपी ९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. पण हा सांगाडा त्या डाकोटाचा नाही, दुसराच आहे. क्रमांक आदरानं दिलेला आहे. यात फसवणूक नाही, पण पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी फक्त फोटो बघून प्रबंध लिहील तेव्हा काय होईल?

म्हणून आता संग्रहालयात गेले की मी आधी रंग बघत नाही. निर्मात्याची पाटी कुठे आहे, ती मूळ जागी आहे का, कुठल्या पत्र्याचे रिव्हेट वेगळे दिसतात, हे शोधते. लिबरेटरसारख्या विमानात एकाच अंगात तीन-चार विमानांचे भाग असू शकतात, त्यामुळे ‘हे विमान कोणतं’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. सिनॉप्सिसच्या कमिटीसमोर हे सांगितल्यावर एका सरांनी विचारलं, मग तुमचा अभ्यासविषय विमान आहे की दुरुस्ती? मी म्हटलं, दुरुस्ती. शीर्षक बदलून आणायला सांगितलं. खोडलेलं वाक्य आता असं आहे: ‘युद्धकाळात घडलेल्या दुरुस्ती-संस्थेनं, एकाच प्रकारच्या मोडक्या विमानांच्या साठ्यातून भाग घेऊन, लिबरेटर पुन्हा सेवेत आणली.’ लांबलं आहे, मान्य. गाईडनी या वेळी फक्त स्वल्पविराम दुरुस्त केला.