सर्व-भूभाग वाहनातील विद्युत व मापक दोषनिदान

सर्व-भूभाग वाहनातील विद्युत व मापक दोषनिदान म्हणजे एटीव्ही किंवा क्वाड बाइक या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वाहनाची बॅटरी, चार्जिंग यंत्रणा, वायरिंग, सेन्सर आणि मीटर यांतील बिघाडाचे मूळ कारण क्रमाने शोधून काढण्याची पद्धत होय. या वाहनांत एकाच बिघाडाची अनेक लक्षणे दिसू शकतात. उदाहरणार्थ, बॅटरीचा एखादा जोड सैल झाल्यास स्टार्टर फिरत नाही, मीटर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि भलत्याच सेन्सरचा दोष दाखवते. त्यामुळे लक्षण दाखवणारा भाग बदलण्यापूर्वी विद्युतपुरवठा, जोड आणि अर्थ यांची मोजणी करणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

पार्श्वभूमी

होंडा कंपनीने १९७० मध्ये विक्रीस आणलेले यूएस९० हे तीन चाकी वाहन दोरी ओढून सुरू केले जाई. चार चाकांची रचना १९८० च्या दशकात सुझुकीच्या क्वाडरनर एलटी१२५ पासून रूढ झाली. पुढे विद्युत स्टार्टर, इंधन अंतःक्षेपण, विद्युत सुकाणू आणि विंच यांची भर पडली व या सर्वांचा भार सामान्यतः एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर आला. चिखल, पाणी, धूळ आणि सततची कंपने यांमुळे वायरिंगची झीज होते. वाहन दीर्घकाळ उभे राहिल्यास बॅटरी उतरते आणि उंदीर वायरींचे वेष्टन कुरतडतात.

बॅटरीची तपासणी

तपासणीचे मुख्य साधन मल्टिमीटर हे आहे. काही तास विश्रांती मिळालेल्या, पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीचा विद्युतदाब सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. १२ व्होल्टच्या आसपासची बॅटरी जवळजवळ उतरलेली समजली जाते. केवळ विश्रांतीतील दाब मात्र पुरेसा नाही. अंतर्गत झीज झालेली बॅटरी योग्य दाब दाखवते, पण स्टार्टरचा भार पडताच कोलमडते. स्टार्टर फिरताना दाब सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासतात.

स्टार्टरचे बटण दाबल्यावर नुसता टकटक आवाज आल्यास उतरलेली बॅटरी, गंजलेले जोड किंवा रिलेचे जळालेले संपर्क ही संभाव्य कारणे असतात. कोणताच आवाज न आल्यास फ्यूज, इंजिन बंद करण्याचा स्विच, ब्रेकचा स्विच व न्यूट्रलचा स्विच तपासतात. वाहन गिअरमध्ये असताना अपघाताने सुरू होऊ नये म्हणून अनेक वाहनांत स्टार्टरची वायर यांपैकी काही स्विचांमधून नेलेली असते.

चार्जिंग यंत्रणा

इंजिनाच्या दंडावरील चक्रात बसवलेले चुंबक स्टेटरच्या गुंडाळ्यांभोवती फिरतात आणि प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. रेग्युलेटर-रेक्टिफायर हा भाग त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून दाब मर्यादित ठेवतो. इंजिन मध्यम गतीने चालू असताना बॅटरीवर साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळणे अपेक्षित असते. दाब वाढतच नसल्यास स्टेटर, रेग्युलेटर किंवा त्यांमधील जोड सदोष असतो. तो १५ व्होल्टच्या पुढे जात असल्यास रेग्युलेटर किंवा त्याचे जोड संशयास्पद ठरतात. अशा स्थितीत दिवे जळतात आणि बॅटरीतील द्रव उकळून आटतो.

तीन वायरींचा स्टेटर तपासताना जोड सोडवून प्रत्येक दोन वायरींमधील रोध मोजतात. तिन्ही मोजमापे जवळपास सारखी असावीत आणि कोणत्याही वायरीचा इंजिनाच्या धातूशी संपर्क नसावा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या वायरी काढून चार्जिंग तपासण्याची रीत अयोग्य आहे; त्यामुळे दाब अचानक उसळून इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात.

जोड व अर्थ

न वापरलेल्या वायरीचा रोध मोजल्यास एकाच धाग्यावर टिकलेला जोडही निर्दोष भासतो. म्हणून भार चालू ठेवून दाबातील घट मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक आढळल्यास अर्थची वायर वा तिचा जोड सदोष असतो. असा जोड उघडून धातू चमकेपर्यंत घासतात व घट्ट बसवतात. फ्यूज वारंवार जात असल्यास कोठेतरी वायर उघडी पडलेली असते. अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्याने दोष नाहीसा होत नाही, उलट वायरिंग पेटण्याचा धोका निर्माण होतो.

मापकांतील दोष

इंधनमापक टाकीतील तरंगत्या गोळ्याला जोडलेल्या बदलत्या रोधावर चालतो. काटा कायम एकाच टोकाला राहिल्यास वायर तुटलेली किंवा अर्थला चिकटलेली असण्याची शक्यता असते. मधूनच उड्या मारत असल्यास रोधाची पट्टी झिजलेली असते.

वेगमापकाचा सेन्सर सहसा दातेरी चक्राजवळ असतो व त्यावर लोहकण साचल्याने वाचन बिघडते. मूळ मापापेक्षा मोठे टायर लावल्यास प्रत्यक्ष वेग मीटरवरील आकड्यापेक्षा अधिक असतो. हा विद्युत दोष नव्हे. डिजिटल मीटर पूर्ण बंद पडल्यास प्रथम त्याच्या जोडावर पुरवठा व अर्थ आहे का, हे पाहतात. कॅन प्रणालीत बॅटरी विलग करून दोन संदेशवायरींमधील रोध मोजल्यास तो सामान्यतः सुमारे ६० ओहम भरतो, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक बसवलेले असतात. १२० ओहम वाचन आल्यास एक टोक तुटले असल्याचे समजते.

तापमानाचा इशारा

तापमान सेन्सरचा रोध उष्णता वाढताच कमी होतो. त्यामुळे साध्या मापकात वायर तुटल्यास इंजिन थंड असल्याचे दिसते, तर वायर अर्थला चिकटल्यास ते अतितप्त असल्याचे दिसते. यांपैकी पहिला दोष अधिक घातक आहे. चालकाला इशारा मिळत नाही आणि इंजिन जाम होईपर्यंत वाहन चालवले जाऊ शकते. इशारा देणारा दिवा मात्र खोटा ठरवण्यापूर्वी शीतकाची पातळी, चिखलाने भरलेला रेडिएटर आणि पंखा तपासणे आवश्यक असते. पंखा थेट बॅटरीला जोडल्यावर फिरला, तर दोष त्याच्या फ्यूज, रिले, स्विच वा वायरिंगमध्ये असतो. इंजिनाचे प्रत्यक्ष तापमान अवरक्त तापमापकाने स्वतंत्रपणे मोजल्यावरच मापक चुकीचा असल्याचा निष्कर्ष काढता येतो.

सुरक्षितता

बॅटरी काढताना ऋण वायर प्रथम सोडवतात व बसवताना ती शेवटी जोडतात. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडू शकत असल्याने ठिणगी टाळावी लागते. इंधनटाकीजवळ काम करतानाही हाच नियम लागू होतो. वायरींचे रंग आणि रोधाच्या मर्यादा प्रत्येक मॉडेलनुसार भिन्न असल्याने अंतिम मोजमापांसाठी निर्मात्याची दुरुस्ती पुस्तिका प्रमाण मानली जाते.