बारवीचा काठ : लोकविहाराचा एक ऐतिहासिक विचार

पाण्याच्या काठी चार घटका विसावावे, ही मनुष्याची फार जुनी ओढ आहे. आपल्या पूर्वजांनी ती ओळखली आणि तिच्यासाठी घाट बांधले. वाईस कृष्णेच्या, नाशकास गोदेच्या किंवा अहिल्याबाईंच्या महेश्वरास नर्मदेच्या काठी स्नानसंध्या, धुणे, कीर्तन, जत्रा आणि सायंकाळचे फिरणे ही सारी एकाच पायऱ्यांवर नांदत आली. घाट बांधणे हे पुण्यकर्म तर होतेच, परंतु ती लोकसोयीची योजनाही होती. पायरी-पायरीने उतरताना पाण्याची खोली पायाला कळते आणि पाय घसरला तरी हाताला दगड सापडतो.

इंग्रजी अमदानीत मुंबईने याच ओढीला निराळे रूप दिले. १८८१ साली मलबार टेकडीवर पिण्याच्या पाण्याचे टाके झाकून त्याच्या माथ्यावर बाग केली. तीच पुढे सर फिरोजशहा मेहता यांच्या नावाची झाली. खाली शहराचे पाणी सुरक्षित आणि वर मुले खेळत आहेत, अशी ती युक्ती होती. पुढे १९१५ नंतर बॅकबेचा समुद्र हटवून मरीन ड्राइव्हचा कठडा व पदपथ तयार झाला. श्रीमंत व गरीब यांनी शेजारी बसावे अशा ज्या थोड्या जागा त्या शहरात आहेत, त्यांत हा कठडा अग्रगण्य होय. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी ज्ञानेश्वर उद्यान झाले, त्यापुढे म्हैसूरच्या वृंदावनाचा आदर्श होता.

आता आपल्या परिसराकडे वळू. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहारकालीन लेख आहे. हे मंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीतील निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कारखाने वाढले, वस्ती वाढली आणि ज्या वालधुनीच्या काठी शिल्पकारांनी देवालय उभारले, तिचे पाणी गटारासारखे काळे झाले. नदीकाठ असूनही बसावयास काठ उरला नाही. म्हणून येथील माणूस रविवारी बारवीकडे जातो.

बारवी ही उल्हासची उपनदी. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७० च्या दशकात तिच्यावर मातीचे धरण बांधले. हेतू विहाराचा नव्हता, कारखान्यांना व शहरांना पाणी पुरविण्याचा होता. पुढे उंची वाढवून स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. पूर्ण पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर झाली आणि साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत गेला. या वाढीव पाण्याखाली गावांची शेते व घरे गेली. आपण ज्या निळ्या पाण्याकडे पाहून प्रसन्न होतो, त्याच्या तळाशी कोणाचे तरी अंगण आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

समुद्राचा काठ व धरणाचा काठ यांत मोठा भेद आहे. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते व तिची वेळ पंचांगावरूनही सांगता येते. धरणाचे पाणी मात्र पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यापर्यंत खाली सरते. मागे राहतो तो चिखल, आणि आज जेथे उभे राहिलो तेथे पुढल्या महिन्यात पुरुषभर पाणी असते. स्वयंचलित दरवाजे तर पातळी येताच आपोआप उघडतात. खालच्या पात्रात बसलेल्यांची ते वाट पाहत नाहीत. येथे घाटाची पायरी नाही आणि मरीन ड्राइव्हचा कठडाही नाही. म्हणूनच वर्षासहलीच्या दिवसांत बुडून मृत्यू होतात आणि जिल्हा प्रशासनास अलीकडे धरणे व धबधब्यांच्या परिसरात पावसाळी मनाईहुकूम काढावे लागतात.

मनाईहुकूम प्राण वाचवितो, म्हणून तो पाळलाच पाहिजे. तथापि नुसत्या मनाईने ओढ नाहीशी होत नाही, ती आडवाटेने जाते. समुद्रकिनाऱ्यासाठी १९९१ साली केंद्र शासनाने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर नियमन आणले. काठ हा सर्वांचा आहे आणि म्हणूनच तो जपून वापरावयाचा आहे, हा विवेक जलाशयासही लागू पडतो. आमच्या मते बारवीसाठी योजना साधी असावी. पूर्ण पातळीच्या वर, पाण्यापासून दूर, सावलीची झाडे, बाके, शौचकूप आणि कठडा असलेली दर्शनजागा असावी. पाण्यात उतरण्यास व खालच्या पात्रात जाण्यास पूर्ण बंदी असावी. दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजावा. उपाहारगृह व देखरेख ही कामे विस्थापित कुटुंबांकडे प्रथम जावीत. हे पाणी लाखो लोक पितात, म्हणून कचऱ्याचा कण त्यात जाता कामा नये. मलबार टेकडीच्या बागेने हेच शिकविले आहे.

शासन करील तेव्हा करील. आपल्या ज्ञातीची कुटुंबे सहलीस निघतात, तेव्हा तरुणांना पाण्यापासून आवरणे, उष्टे-खरकटे परत आणणे आणि स्थानिकांशी आदराने बोलणे एवढे तर आपल्या हाती आहे. पूर्वजांनी घाट बांधून पुण्य जोडले. आपण निदान काठ राखून ते जोडावे, एवढीच सर्व ज्ञातिबंधू-भगिनींस विनंती.